घोरपडीचे हात

रामकिसन वनपालाच्या नोकरीला एकतीस वर्षं झाली होती, आणि त्यातली निम्मी तारखांना हजर राहण्यात गेली होती. जंगलखात्यातला माणूस जंगलात असतो असं लोकांना वाटतं. कसलं जंगल न् कसलं काय! रामकिसनचा जन्म गेला कोर्टाच्या व्हरांड्यात, लोखंडी बाकड्यावर, मांडीवर फाईल घेऊन. आरोपी यायचा कडक इस्त्रीत, वकिलाशी हसत-बोलत. हा आपला युनिफॉर्ममध्ये घामाघूम. बघणाऱ्याला वाटावं, पकडलेला माणूस हाच.

मांडूळ पकडलं, कासवं पकडली, खवल्या मांजराच्या खवल्यांची गोणी पकडली. पकडायचं काही नाही हो, ते होतं. पकडलेलं कोर्टात टिकत नाही. पंच फिरतात. "सही माझीच हाय, पर कोऱ्या कागदावर केल्ती," म्हणतात आणि मोकळे होतात. आधी रामकिसन चिडायचा, घरी जाऊन जेवायचा नाही. आता चिडतही नव्हता. चिडायला अंगात दम लागतो, तो कुठला आणायचा? रिटायर व्हायला तीन वर्षं राहिली होती. तेवढी ढकलायची, एवढंच त्याच्या मनात होतं.

एक केस मात्र त्याला रात्रंदिवस झोंबायची, कारण ती दुसऱ्या कुणी नाही, त्यानं स्वतः बुडवली होती.

गुलमंडीच्या मागच्या बोळात पुंजारामचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं. दर्शनी भागात कापूर, उदबत्ती, जानवी, माळा. गिऱ्हाईक चेहऱ्यावरून गांजलेलं दिसलं की मग पुंजाराम गल्ल्याखालून एक पितळी डबी काढायचा. डबीत शेंदरात बुडवलेली हाताजोडी. दोन हात जोडल्यासारखं दिसणारं रानातलं मूळ आहे म्हणे, देवघरात ठेवलं की संकट हात जोडून माघारी जातं! आता खरं ऐका. ते मूळबीळ काही नसतं. घोरपडीच्या नराला देवानं जे दिलेलं असतं, आणि त्या जनावराला ते जोडीनं दिलेलं असतं, ते कापायचं, वाळवायचं आणि वरून शेंदूर फासायचा. एका डबीमागं एक घोरपड जाते.

सहा वर्षांपूर्वी रामकिसननं त्या दुकानावर धाड घातली. एक्केचाळीस डब्या निघाल्या. बोळातले दोन पांढऱ्या केसांचे दुकानदार पंच म्हणून बसवले आणि पंचनामा सुरू झाला. रामकिसन सांगणार आणि वनरक्षक बिल्किस लिहिणार. नाव, पत्ता, चतुःसीमा, सगळं सुरळीत झालं. मग वस्तूचं वर्णन आलं आणि रामकिसनची जीभ अडली. समोर बाईमाणूस. बाजूला बापाच्या वयाचे पंच. कसा काढायचा तो शब्द तोंडातून?

"लिहा," तो खाली बघून म्हणाला, "घोरपडीचे... हात. वाळलेले."

बिल्किसनं एकदा वर बघितलं. साहेबांनी सांगितलं म्हणून तिनं लिहिलं. सगळ्यांच्या जिवावरचं ओझं उतरलं आणि चहा मागवला गेला.

कोर्टात पुंजारामच्या वकिलानं तो कागद हातात घेतला आणि शांतपणे विचारलं, "प्रयोगशाळा म्हणते, नराची जननेंद्रिये. वनपाल म्हणतात, हात. या दोहोंतला फरक वनपालांना या वयात कळत नसेल, असं मला वाटत नाही. म्हणजे जप्त केलेली वस्तू वेगळी आणि तपासलेली वेगळी." सगळं कोर्ट हसलं. पुंजाराम सुटला. जाताना जिन्यात त्यानं रामकिसनला वाकून हात जोडले.

त्या दिवसापासून जीपचा ड्रायव्हर फारूख गुलमंडीतून गाडी नेताना हटकून म्हणायचा, "साहब, हाथ जोडके निकलू क्या इधरसे?" फारूखचा स्वभावच थट्टेखोर, मनात काही नसायचं. रामकिसन खिडकीबाहेर बघायचा.

असं सगळं मुरून गेलेलं असताना तो एका रविवारी गारखेड्याला बहिणीकडं जेवायला गेला.

वच्छलाबाई त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा रामकिसन चार वर्षांचा होता आणि ही चौदाची, तेव्हा आई म्हणा, बहीण म्हणा, हीच. तो तिला आक्का म्हणायचा. तिचे मालक काकासाहेब, म्हणजे रामकिसनचे दाजी, चितेगावच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. चार वर्षांमागं त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सहा महिने काढले तर नशीब, असं डॉक्टर म्हणाले. दाजींनी तीन वर्षं काढली. आता त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. बाहेरच्या खोलीत त्यांची खाट तशीच होती, वर गादीची वळकटी.

आक्का आत भाकरी थापत होती. रामकिसन हात धुऊन देवघरापुढं नमस्काराला वाकला आणि तसाच राहिला. बाळकृष्णाच्या शेजारी पितळी डबी होती. झाकणावरची वेलबुट्टी त्यानं एक्केचाळीस वेळा मोजली होती.

तो ओट्यापाशी जाऊन उभा राहिला.

"आक्का, ती डबी कवाची?"

"दाजी पडले त्या साली आणली. गुलमंडीतून. का रे?"

"ते मूळ नाय."

"मग काय हाय?"

"घोरपडीचं हाय."

"घोरपडीचं काय?"

रामकिसननं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "आक्का, नळ गळतोय तुझा."

"मेल्या, नळाचं राहू दे. घोरपडीचं काय?"

"नराचं हाय."

"अरे नराचं काय? पाय, शेपूट, काळीज, काय ते बोल की!"

रामकिसननं रुमालानं मान पुसली. आक्कानं त्याच्या तोंडाकडं बघितलं, बघत राहिली, आणि तिचा परातीतला हात थांबला.

"अगं बया!" ती म्हणाली. "आन् म्या त्याला रोज हळद-कुंकू वाहिलं!"

मग तिला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती हसली. "आन् तू एवढा लाजतोस व्हय रे? आठ वर्षांचा होईस्तोर न्हाऊ घातलंय तुला म्या."

रामकिसनलाही हसू आलं, पण टिकलं नाही. कारण आक्कानं लगेच पुढचं विचारलं. "मेलेल्या जनावराचं काढतेत ना?"

खोटं बोलता आलं असतं. पण आक्कापुढं त्याला ते कधीच जमलं नव्हतं. "जिवंतपणी कापलं की गुण जास्त येतो, असं सांगतेत गिऱ्हाइकाला."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. आक्कानं गॅस बंद केला आणि पाटावर बसली.

"पर रामा, गुण तर आला रे," ती म्हणाली. "सहा म्हयन्यांची तीन वर्षं झाली. आन् दाजींनाबी ठावं होतं. बोलता येत नव्हतं, पर डाव्या हाताचं बोट रोज देवघराकडं करायचे. म्या पेज भरवाया बसले की बोट. अंग पुसाया बसले की बोट. मग म्या उठून डबीला हळद वाहायचे. आता तू म्हनतो हे मूळ नाय. मग दाजी कशानं जगले?"

रामकिसननं उठून नळ घट्ट आवळला.

खरं म्हणजे त्याला वेगळंच बोलायचं होतं. महिन्याभरापूर्वीच पुंजाराम पुन्हा सापडला होता, नऊ डब्यांसकट. या खेपेला पंचनामा बिल्किसनं एकटीनं लिहिला होता, शब्द न् शब्द चोख. पण पुंजारामनं आता नवीच टूम काढली होती. डब्या कुणीतरी माझ्या दुकानात आणून टाकल्या, मी आपला उदबत्त्या विकतो, असं तो छातीवर हात ठेवून सांगत होता. त्याच्याकडून डबी घेतलेलं एक तरी गिऱ्हाईक उभं करायला हवं होतं. आणि गिऱ्हाईक येतंय कशाला? ज्याला कळलं आपण काय पुजलं, तो ते चारचौघांत सांगणार आहे का?

आणि आक्काकडं तर, तिनंच बोलता बोलता सांगितलं, पावती होती. दाजींच्या कंपनीत औषधाची बिलं मंजूर व्हायची, म्हणून तिला प्रत्येक गोष्टीची पावती घ्यायची खोडच लागली होती. हाताजोडीचीही तिनं हट्टानं घेतली होती, औषधच ना ते! दाजींच्या आजारपणाच्या फायलीत, एक्स-रेच्या मागं ती होती. 'सिद्ध हाताजोडी, एक नग', दुकानाचा शिक्का आणि खाली पुंजारामची सही. कंपनीनं ती अर्थातच परत पाठवली होती.

सहा वर्षं ज्याची वाट बघितली तो साक्षीदार समोर पाटावर बसला होता. पण तिला कोर्टात न्यायचं म्हणजे तिची ती तीन वर्षं तिच्या हातातून काढून घ्यायची. गुण आला, देवानं ऐकलं, एवढ्यावरच तर बाई उभी होती. केस गेली खड्ड्यात, असं रामकिसनला मनापासून वाटलं.

"राहू दे आक्का," तो म्हणाला. "डबी तेवढी माझ्याकडं दे. बाकीचं म्या बघतो."

आक्कानं डबी दिली नाही. दुसरी भाकरी थापून तिनं त्याला जेवायला वाढलं, आणि जेवता जेवता पुंजारामच्या दोन्ही केसेस त्याच्याकडून काढून घेतल्या.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. "त्या बिल्किसला धाड कागद घेऊन. तू बाहेरच्या खोलीत बस, मधी येऊ नको. तुझ्यापुढं नीट बोलता यायचं नाय मला, आन् तुला लिहिता यायचं नाय."

बिल्किसनं जबाब घेतला, डबी आणि पावती रीतसर ताब्यात घेतली. आपण होऊन जमा केलं म्हणून वरच्या साहेबांनी आक्काला आरोपी न करता साक्षीदार केलं. रामकिसन बाहेर दाजींच्या खाटेच्या कडेवर बसून होता. आतून फक्त आक्काचा सावकाश आवाज येत होता.

पुढं दीड वर्ष तारखा. आज वकील आजारी, उद्या कोर्ट रजेवर, परवा आरोपीच्या घरी लग्न. प्रत्येक तारखेला आक्का इरकल नेसून, पिशवीत पाण्याची बाटली घेऊन जीपमध्ये बसायची, आणि प्रत्येक तारखेला फारूख तिला परत सोडायचा. "आपा, अब तो जजसाहिबासे जास्ती तुमारीच हाजिरी हुई," तो म्हणायचा. एकदाही ती म्हणाली नाही की रामा, बास झालं. रामकिसनच म्हणायचा. तिनं खरंच नको म्हणावं असं त्याला दर वेळी वाटायचं, आणि दर वेळी तिनं नको म्हटलं नाही याचं बरंही वाटायचं. स्वतःची लाज वाटायची ती वेगळीच.

शेवटी साक्ष झाली. वकील तोच. मॅजिस्ट्रेट एक तरुण बाई होत्या. आक्का साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली, डोक्यावरून पदर सारखा केला. मागच्या बाकांवर गुलमंडीचे चार-सहा लोक मजा बघायला आले होते. सरकारी वकिलांचे प्रश्न संपले, मग आरोपीचा वकील उठला. त्याचा डाव जुनाच होता आणि तो डाव आजवर कधी फसला नव्हता.

त्यानं पुढ्यातली डबी उघडली. "आजी, तुम्ही वयानं मोठ्या आहात. कागदावर कोण काय लिहितं ते सोडा. तुमच्या तोंडून कोर्टाला ऐकू द्या. हे काय आहे?"

मागं कुणीतरी खोकलं. रामकिसननं मान खाली घातली आणि बुटाच्या टोकाकडं बघत बसला.

"लिंग हाय साहेब," आक्का म्हणाली. "घोरपडीच्या नराचं. जितं असताना कापलेलं. ह्या माणसानं मला मूळ म्हणून विकलं, ही त्याची सही. मागल्या बारीला माझ्या भावाला हे बोलाया लाज वाटली म्हणून ह्यो सुटला. इकणाऱ्याला लाज नाय वाटली, मग मला काहून वाटावी?"

मागं एक हसला. बाकीचे हसले नाहीत, म्हणून तोही थांबला. मॅजिस्ट्रेटबाईंनी टंकलेखकाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "जसं सांगितलं तसं घ्या."

वकील क्षणभर चाचपडला. पण मुरलेला माणूस, लगेच दुसरं काढलं. "यजमानांना डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते ना?"

"व्हय."

"ही वस्तू आणल्यावर किती जगले?"

"तीन वर्षं."

"मग खरं सांगा आजी, देवाला स्मरून. गुण आला का नाही?"

आता आक्का थांबली. आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं तिनं, मग डबीकडं. शपथ घेतली होती आणि खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"आला," ती म्हणाली.

"बस, एवढंच," वकील म्हणाला आणि बसला. जीपमध्ये परत येताना फारूखनं थट्टा केली नाही.

दोन महिन्यांनी निकाल लागला. गुण येवो न येवो, त्याच्याशी कायद्याला कर्तव्य नव्हतं. पुंजारामला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यानं अपील केलं, आठवड्यात जामीन घेतला आणि दुकान उघडलं. आता नुसत्या उदबत्त्या विकतो म्हणे. एकतीस वर्षांत, नाही, आता तेहतीस झाली होती, रामकिसनची ही शिक्षा झालेली पहिली केस. ऑफिसात पेढे आले. त्यानं एक खाल्ला. आनंद होईल असं त्याला वाटलं होतं, पण नुसती दमल्यासारखी झोप येत होती.

निकालाची प्रत घेऊन तो आक्काकडं गेला. ती म्हणाली वाचून दाखव, म्हणून त्यानं सगळी वाचली, पहिल्यापासून. आक्का स्टुलावर बसून ऐकत होती. मधे एक ओळ आली. 'उलटतपासणीत साक्षीदार क्रमांक चार हिने सदर वस्तूमुळे पतीस गुण आल्याचे मान्य केले आहे.'

"थांब," आक्का म्हणाली. "ते परत वाच."

त्यानं परत वाचलं. आक्का उठली आणि बाहेरच्या खोलीत गेली. तिनं दाजींच्या खाटेवरची वळकटी सोडून गादी पसरली.

"झोप इथं."

"आक्का, युनिफॉर्म हाय अंगावर."

"झोप म्हणते ना. डोकं तिकडं. उजवं अंग मेलं समज."

रामकिसन मुकाट झोपला. आक्कानं आतून स्टूल आणलं आणि खाटेला लागून ठेवलं. नेहमी ठेवत असेल तिथंच, कारण फरशीवर स्टुलाच्या पायांचे घासल्याचे चार डाग होते. ती बसली.

"आता डाव्या हाताचं बोट कर. देवघराकडं."

त्यानं मान वळवून बघितलं. उघड्या दारातून, आतल्या भिंतीला, बरोबर समोर देवघर होतं. त्यानं हात उचलला. बोट आक्काच्या छातीपासून वीतभर लांब थांबलं.

"आक्का, जरा सरक. मधी येतीस तू."

आक्का सरकली नाही.

"व्हय," ती म्हणाली. "म्याच मधी असायचे."

रामकिसनला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा हात तसाच हवेत राहिला.

"दर दोन तासाला कूस बदलायची, रात्रीबी," आक्का सांगत होती, पण त्याला नाही, त्या बोटाला. "तीन वर्षं पाठीला एक फोड येऊ दिला नाय. पेज भरवली, घाण काढली, दाढी केली. आन् तेंनी बोट केलं की म्या उठून त्या डबीकडं जायचे. परत येऊन बसले की परत बोट करायचे. म्या परत जायचे. डोळ्यांत पाणी यायचं रे तेंच्या. मला वाटायचं, भक्ती लागली."

तिनं पदर तोंडात कोंबला आणि रडली. दाजी गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. रामकिसन खाटेवरून उठला आणि तिच्या पायाशी फरशीवर बसला.

आक्कानं डोळे पुसले. "रामा, कोर्टात चुकलं माझं. ती ओळ खोडता यील का?"

"नाय आक्का. एकदा लिहिलं की लिहिलं."

"ही खरी प्रत हाय?"

"झेरॉक्स हाय."

"मग हिच्यावर लिही."

"काय लिहू?"

"गुण कशाचा, ते."

रामकिसननं खिशातलं पेन काढलं. ती ओळ शोधली. तिच्या शेजारी, समासात, त्यानं दोन शब्द लिहिले, 'आक्काचे हात', आणि खाली सही करून तारीख टाकली.

"वाच," ती म्हणाली. त्यानं मोठ्यानं वाचलं.